अठ्ठावीस नारळांची गल्ली

मदनभावजी साताऱ्याहून येणार म्हटलं की रत्नाक्का आधी सोप्यातली आरामखुर्ची आत उचलून ठेवायला लावत. भावजी एकदा त्या खुर्चीत टेकले की उठत नसत, आणि उठेपर्यंत शिकवत असत. उभी हयात त्यांनी साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोरानं पुढं गणिताचं नाव काढलं नाही, असं रत्नाक्का ज्याला त्याला सांगत, आणि इतक्या ठामपणे सांगत, की जणू घरोघर जाऊन विचारून आलेल्या.

रत्नाक्कांची स्वतःची शाळा दुसरीतच सुटली होती. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. नवरा गेल्यापासून ऊस, हळद, गडीमाणसं, मुलगा, सून हे सगळं त्यांनी तोंडाच्या जोरावर हाकलं होतं. धाकट्या दिरासारखी शिकलेली माणसं त्यांना लग्नातल्या बँडवाल्यासारखी वाटत. कपडे झकपक, आवाज मोठा, आणि जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी.

यावेळी भावजी येण्याचं कारण मात्र असं होतं, की रत्नाक्कांना तोंड उघडता येईना. आष्ट्याच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराज उतरले होते. खंडाळ्याकडून पायी निघून सातारा, कऱ्हाड करत ते चातुर्मासाला सांगलीकडं चालले होते, आणि वाटेत चार-आठ दिवस आष्ट्याला थांबणार होते. साधूच्या दर्शनाला आलेल्या माणसाला येऊ नका म्हणणं रत्नाक्कांनाही जमलं नसतं. त्यांनी फक्त खुर्ची आत ठेवली.

दिगंबर साधू दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, आपल्या ओंजळीत. पण ते जेवण सहज घडत नाही. सकाळी बस्तीतून निघताना महाराज मनाशी एखादी खूण धरतात. जोडपं दिसावं, कुणाच्या हातात आंबा असावा, दारात दोन कळश्या असाव्यात, काहीही. तिला विधी म्हणतात. ती कुणाला सांगायची नाही. गल्लीत घरोघरी लोक सोवळ्यानं स्वयंपाक करून, हातात नारळ नाहीतर कळशी घेऊन दारात उभे राहतात आणि हाका मारतात. ज्या दारात खूण जुळेल तिथं महाराज थांबतात. कुठंच जुळली नाही, तर तसेच बस्तीत परततात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत.

रत्नाक्का या घरात सून म्हणून आल्यापासून आष्ट्याला आलेला एकही साधू त्यांच्या हातचा आहार घेतल्याशिवाय पुढं गेलेला नव्हता. कधी पहिल्या दिवशी, कधी शेवटच्या, पण त्यांच्या दारी थांबला होता. हा त्यांचा मोठा मान होता. तो त्या बोलून दाखवत नसत, म्हणजे दिवसातून एकदाच बोलून दाखवत. आता वय ऐंशीच्या पुढं गेलेलं. सांगलीच्या डॉक्टरनं छातीवर नळी लावून तोंड वाकडं केलेलं. यानंतरचे साधू बघायला आपण असू का नसू, हे त्यांनी मनात धरलं होतं. हे महाराज दारावरून गेले, तर तो मान अर्धवट राहून जाणार होता.

पहिल्या दिवशी महाराज कुणाच्याच दारी थांबले नाहीत.

दुपारी बस्तीत प्रवचन झालं. महाराज दीक्षेच्या आधी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, ही बातमी मदनभावजींनी साताऱ्याहूनच सोबत आणली होती, आणि प्रवचनभर ते अशी मान डोलवत होते, की ऐकणाऱ्याला वाटावं दोघांनी मिळूनच दीक्षा घ्यायची ठरवली होती, ह्यांची एसटी तेवढी चुकली.

साधूच्या अंगच्या मूळ गुणांविषयी बोलता बोलता महाराज म्हणाले, "हे मूलगुण अठ्ठावीस. गणितात या आकड्याला परिपूर्ण म्हणतात. त्याला ज्या ज्या संख्येनं पूर्ण भाग जातो, त्या घ्या. एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज करा. अठ्ठावीसच येते. एकच अट आहे. बेरीज करताना त्या आकड्यानं स्वतःला धरायचं नाही."

एवढं बोलून ते हसले आणि पुढच्या विषयाला लागले. बाकीचे लोकही पुढच्या विषयाला लागले. मदनभावजी तेवढे तिथंच राहिले.

संध्याकाळी घरी येऊन, खुर्ची नाही म्हणून पाटावर बसून, त्यांनी जाहीर केलं, "वहिनी, विधी सापडला!"

"कुनाला?" रत्नाक्का शेंगा निवडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"मला. महाराज गणिती आहेत. गणिती माणूस विनाकारण उदाहरण देत नाही. अठ्ठावीस! दारात अठ्ठावीस वस्तू असल्या पाहिजेत. हा संकेत आहे."

"म्हाराजांनी म्होक्षाबद्दलबी सांगिटलं दुपारी. तवा त्योबी संकेतच आसंल. तुमी म्होरं व्हा, आमी आलोच मागनं."

"तुम्हांला चेष्टा सुचते. सहानंतर परिपूर्ण आकडा थेट अठ्ठावीस. त्याच्या पुढचा चारशे शहाण्णव. मधे कुणी नाही! अशी दुर्मीळ संख्या साधू उगाच उच्चारेल?"

"न्हाई बा. आमच्या येश्टीच्या कंडक्टरनंबी काल अठ्ठावीस रुपय मागिटलं. त्योबी साधूच आसंल."

सून चंदना आत चुलीपाशी होती. तिला हसू आलं, तसा रत्नाक्कांचा आवाज चढला, "तुला काय झालं दात काढाया? दूध बघ."

भावजींनी घरात दाद मिळत नाही म्हटल्यावर गल्लीच्या मोबाईल ग्रुपवर हे सगळं लिहून टाकलं. खाली नाव, त्याखाली निवृत्त गणित शिक्षक, सातारा. रत्नाक्कांच्या मते गाढवानं ओरडून झाल्यावर आपलं गाव सांगावं तसलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात आल्या आणि त्यांना वाटलं, आपल्या गल्लीत रातोरात नारळाची वखार निघाली. समोरच्या त्रिशलानं दारात नारळांचा त्रिकोण मांडला होता. खाली सात, वर सहा, मग पाच, असं करत टोकाला एक. तिच्या शेजारच्यांनी चार ओळी केल्या, सात-सात नारळांच्या. पलीकडं दोन ओळी, चौदा-चौदाच्या. एका घराच्या दारात जागा नव्हती, त्यांनी एकच लांब ओळ रस्त्यापर्यंत नेली, आणि दूधवाला सायकल उचलून त्या ओळीवरून पाय टाकत गेला. ज्यांना नारळ मिळाले नाहीत त्यांनी केळी लावली. आष्ट्यातले नारळ संपून इस्लामपूरला माणसं गेली होती.

भावजी गल्लीतून हात मागं बांधून फिरत होते. जणू साहेब परीक्षेला आला होता.

"वा! त्रिशलाताई, अगदी उत्तम! एकपासून सातपर्यंत बेरीज अठ्ठावीस. त्रिकोणी संख्या आहे ही, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"सांगिटलं न्हाई कुनी," त्रिशला लाजली. "रचताना आपसूक झालं की."

रत्नाक्का आपल्या दारात नेहमीसारखी एकच नारळ घेऊन उभ्या राहिल्या. मागं चंदना, तिच्या हातात एक. त्यांनी समोर बघून मोठ्यानं म्हटलं, "त्रिशला, नारळ मांडलंस, आता तराजूबी मांड. गिऱ्हाईक यील."

महाराज आले. उजव्या हाताची पाची बोटं जुळवून खांद्यावर टेकवलेली, नजर खाली, पावलाचा आवाज नाही. दोन्ही बाजूंनी लोकांनी मांडणीतला एकेक नारळ, एकेक केळं हातात उचललं आणि नमोस्तु नमोस्तुचा गलका झाला. ते त्रिकोणापाशी आले, ओळींपाशी आले, रत्नाक्कांच्या दाराशी आले. कुठं थांबले नाहीत. गल्लीच्या तोंडाला वळले आणि गेले.

"अठ्ठावीस बरोबर नव्हते कुणाचेतरी," भावजी म्हणाले. "एकाची चूक सगळ्यांना भोवते."

त्या दिवशी भावजींनी घरोघर जाऊन नारळ मोजले.

तिसऱ्या दिवशी नारळांच्या शेंड्यांना हळदकुंकू लागलं. अठ्ठावीस दिवे आले, अठ्ठावीस विड्याची पानं आली. एकानं आपल्या नातवंडांना, पुतण्यांना, भाच्यांना जमवून अठ्ठावीस माणसं हातात एकेक केळं देऊन दारात उभी केली, त्यात एकजण शेजारच्यांचा मोजला गेला म्हणून तिथं भांडण जुंपलं. महाराज त्या दिवशीही सगळी गल्ली पार करून गेले. पण कोपऱ्यावर वळताना ते थबकले आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. क्षणभरच. मग सरळ झाले आणि चालू लागले.

ते रत्नाक्कांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांना दुपारचा घास गेला नाही.

नात ब्राह्मी सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात गणित शिकवत होती. महाराज आहेत तोवर रजा काढून घरी आली होती. ती परसात हळकुंडं सुपात घेऊन बसली होती. रत्नाक्का तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी सुपातलं एक हळकुंड उचललं, खाली ठेवलं, परत उचललं, म्हणून ब्राह्मीनं मान वर केली.

"काय झालं आज्जी?"

"काय न्हाई. त्या अठ्ठावीसात एवढं काय गं मढं गाडलंय?"

"तुला कशाला पाहिजे?"

"इचारलं तर सांगावं. तू पगार घेतीस न्हवं सांगायचा?"

ब्राह्मीनं अठ्ठावीस हळकुंडं मोजून सुपात ठेवली. "हे बघ. यातला अर्धा वाटा एकाला दे. किती?"

"चौदा."

"पाव वाटा दुसऱ्याला. सात. सातवा हिस्सा तिसऱ्याला. चार. चौदावा हिस्सा चौथ्याला. दोन. आणि अठ्ठाविसावा पाचव्याला. एक." ती हळकुंडं उचलून वेगवेगळी ठेवत गेली. "बघ. सूप रिकामं. एकही उरलं नाही, एकही कमी पडलं नाही. असं दुसऱ्या आकड्यांचं होत नाही. तीस घे. त्याच्या भागांची बेरीज होते बेचाळीस."

"म्हंजी फुगतंय. मदनभावजीगत."

"आणि सत्तावीस घेतलास तर तेरा. सुकतंय. अठ्ठावीस जेवढ्यास तेवढा."

रत्नाक्का त्या पाच ढिगांकडं बघत राहिल्या. अर्धा, पाव, सातवा. वाटणीची कामं त्यांनी आयुष्यभर केली होती, आणि कुठल्याच वाटणीनंतर सूप असं स्वच्छ झालेलं नव्हतं. कुणीतरी रडलंच होतं.

"आन् सोताला धरायचं न्हाई म्हनलं म्हाराज. ते का?"

"स्वतःला धरलं तर बेरीज छप्पन होते. दुप्पट. मग परिपूर्ण कसला?"

"मग आपल्या गल्लीत समदी छप्पनच हायती," रत्नाक्का उठत म्हणाल्या. "तुझा मदनआजोबा तर शंभर."

पण तोऱ्यात उठलेल्या रत्नाक्का मागल्या दारानं गड्याला हाक मारून आल्या. त्यांनी हळू आवाजात काय सांगितलं ते ब्राह्मीला ऐकू आलं नाही. दिवस मावळायच्या आत गडी पोतं घेऊन आला आणि पोत्यात नारळ होते.

चौथ्या दिवशी रत्नाक्कांच्या दारात चार ओळी मांडलेल्या होत्या. सात-सात नारळांच्या.

मदनभावजींना ते बघून इतका आनंद झाला, की त्यांना आधी बोलताच येईना. मग आलं. "वहिनी! शेवटी पटलं तर!"

"पटाया काय झालंय? घरात पडलं हुतं नारळ. उन्हाला ठिवलं."

"शेंड्या धुऊन?"

"आमी धुऊनच ठिवतो उनाला. साताऱ्याला पद्धत नसंल."

त्रिशला समोरून बघत होती आणि पदराआड हसत होती. रत्नाक्कांनी ते पाहिलं आणि तिकडं पाठ केली. त्या दिवशी समोरच्या त्रिकोणाला एक शब्दही त्यांनी लावला नाही, यावरून काय ते समजावं.

ब्राह्मी आत स्वयंपाक सांभाळत होती. मुलगा सन्मती हळदीच्या सौद्याला सांगलीत अडकला होता. रत्नाक्कांनी ओळीतला एक नारळ उचलून हातात घेतला. खाली सत्तावीस, हातात एक, हिशेब बरोबर. तेवढ्यात चंदना ओल्या केसांची गाठ मारत आतून धावत आली आणि सवयीनं देवघरातला एक नारळ हातात घेऊन सासूच्या मागं उभी राहिली.

भावजींची बोटं हवेत नाचत होती. ती थांबली.

"एकोणतीस!"

"काय?"

"वहिनी, एकोणतीस झाले! घात झाला! एकोणतीसला एक सोडला तर कुणाचाच भाग जात नाही. अविभाज्य! भागांची बेरीज नुसती एक! कुठं अठ्ठावीस आणि कुठं—"

"आवं मग वरडताय कशाला? एक काडून घ्या की!"

"कुठला काढू? ओळ मोडेल!"

गल्लीच्या त्या टोकाला नमोस्तुचा आवाज उठला. महाराज वळले होते. रत्नाक्का मागं फिरल्या, चंदनाच्या हातातला नारळ त्यांनी हिसकला आणि दारामागं ढकलून दिला. तो गडगडत माजघरात गेला.

"आत्ती, मग मी काय धरू?"

"काय धरू नगंस! तुला कुनी बघाया यायलंय? हात जोड आन् गप मागं हुबी ऱ्हा!"

चंदनानं हात जोडले.

महाराज त्रिशलाच्या दारावरून पुढं सरकले. त्यांची पावलं आज सावकाश पडत होती. ओठ पांढरे पडले होते. रत्नाक्कांनी हाक घातली, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" एरवी गल्लीत तो आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

महाराज थांबले.

रत्नाक्कांना कळेना, आपल्याला बरोबर दिसतंय का. मग त्यांनी भानावर येऊन नारळ खाली ठेवला, चंदनाला ओढत महाराजांभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध असं म्हटलं. म्हणताना एका शब्दावर गाडी अडली, तो चंदनानं मागून पुरवला. रत्नाक्कांनी डोळे वटारले.

आहार निर्विघ्न झाला. पहिलं पाणी रत्नाक्कांनी घातलं. भरलेला तांब्या कलला. चंदनानं खालून आपला हात लावला, तर त्यांनी कोपरानं तिला बाजूला सारलं. "सर. माझं मी घालते." मग दूध, भात, मुगाची आमटी, सगळं त्यांच्याच हातानं. चंदना आतबाहेर करत राहिली. दारात मदनभावजी धोतर सावरत उभे होते आणि प्रत्येकाला खुणेनं चार ओळी दाखवत होते.

आहार झाल्यावर महाराज पाटावर बसले, घटकाभर. सगळी गल्ली सोप्यात मावेना. त्रिशलानंच विचारलं, कारण न विचारता ती घरी गेली असती तर तिला झोप लागली नसती. "म्हाराज, इधी काय हुता?"

भावजींनी छाती पुढं काढली.

महाराज म्हणाले, "साधाच होता. चार दिवस तोच धरला होता. दारात कुणीतरी रिकाम्या हातांनी उभं असावं. हातात काही नको, नुसते जोडलेले. या गल्लीत एवढंही सापडणार नाही असं वाटलं नव्हतं." आणि त्यांनी चंदनाकडं बघून हात उचलला. "या ताई उभ्या होत्या."

सगळ्या माना चंदनाकडं वळल्या. चंदना दाराच्या चौकटीला टेकली होती. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं हात पदरात लपवले, चोरी पकडल्यासारखे.

रत्नाक्कांच्या दाराशी साधू थांबला होता, त्यांच्या हातचं पाणी त्यानं घेतलं होतं, आणि तरी तो त्यांच्यासाठी थांबलाच नव्हता. इतकी वर्षं ही पोर आपल्या मागं उभी राहिली. तिला कधी विचारलं नव्हतं, तुला पुढं यायचंय का. विचारायचं असतं हेही कधी वाटलं नव्हतं. त्यांना सुनेकडं बघून राग यावा म्हणून त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर थोडा तरी तोरा सापडला असता, तर तिला त्यांनी तिथंच सोलून काढलं असतं. पण चंदना हळूच ब्राह्मीला विचारत होती, मागं दूध उतू तर गेलं नाही ना.

महाराज बस्तीत गेल्यावर मदनभावजी सोप्यात मधोमध उभे राहिले.

"तर सिद्ध झालं," ते म्हणाले.

ब्राह्मी म्हणाली, "काय सिद्ध झालं, आजोबा? विधी रिकाम्या हातांचा होता."

"बरोबर. पण हात रिकामे का होते? नारळ काढून घेतला म्हणून. नारळ का काढला? एकोणतीस झाले म्हणून. एकोणतीस का नकोत? अठ्ठावीस पाहिजेत म्हणून! म्हणजे अठ्ठावीसनंच महाराजांना थांबवलं. वहिनी, खोटं असेल तर सांगा."

रत्नाक्कांनी तोंड उघडलं. त्या माणसाच्या डोक्यात भुसा आहे हे त्यांना लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. पण आता तो बोलला त्यात कुठं बोट घालावं ते त्यांना सापडेना. नारळ त्यांनीच मागवले होते. मोजून मांडले होते. सुनेच्या हातातला त्यांनीच हिसकला होता. जन्मात पहिल्यांदा मदनभावजींचं गणित बरोबर आलं होतं, आणि ते त्यांच्यामुळं आलं होतं.

"तुमची येश्टी कितीला हाय?" त्यांनी विचारलं.

"परवा सकाळी."

"त्याच्या आदी नसती काय?"

दुपारभर बायका येत राहिल्या. चंदनाला नमस्कार करत, हळदीकुंकू लावत. कुणी म्हणालं, चंदनावैनी भाग्याची. रत्नाक्का आत पडून ऐकत होत्या. "भाग्याची कसली," त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "मी नारळ काडून घितला न्हवं." हे वाक्य त्यांना बाहेर जाऊन म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर अर्धा मान परत मिळाला असता. दोनदा त्या उठून बसल्या. मग त्यांना सुपातले ते पाच ढीग दिसले, आणि त्या स्वतःवरच खेकसल्या, "गप ऱ्हा म्हातारे, छप्पन झालीस ती झालीस," आणि परत आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतला एकूण एक नारळ गायब होता. दारादारांत सगळी माणसं रिकामे हात जोडून उभी. त्रिशला, तिचा नवरा, नारळांची लांब ओळ लावणारे, भाचेपुतणे गोळा करणारे, सगळे. एकाच्या मनगटावर घड्याळ होतं, ते त्याला बायकोनं काढून ठेवायला लावलं.

मदनभावजी फिरत होतेच. "शून्य!" ते प्रत्येक दारात सांगत होते. "महाराजांचा खरा रोख शून्यावर होता. शून्याला कुठल्याही संख्येनं भाग घाला, जातो. बाकी उरत नाही. अठ्ठावीस ही फक्त पायरी होती!"

"भावजी," रत्नाक्कांनी दारातून हाक मारली, "म्हाराज एक इधी जुळला की नवा धरत्यात. काल जुळला त्यो संपला. ह्या येड्यांनी आज समद्यांनी हात मोकळं ठिवलं. आज म्हाराजांनी नारळ धरला आसंल मनात, तर पुन्ना उपाशी जात्याल. तुमच्या शून्याला काय वाटंल तवा?"

भावजींनी त्यावर विचार केला. "ती शक्यता आहे," ते म्हणाले, आणि घाईघाईनं त्रिशलाच्या दाराकडं गेले. थोड्याच वेळात समोर एकाच्या हातात नारळ, एकाचे हात रिकामे, एकाच्या हातात केळं, अशी धावपळ सुरू झाली, आणि कुणी काय धरायचं यावरून नवराबायकोत बाचाबाची लागली.

चंदना सोवळ्याची साडी नेसून आली. ओलं तोंड पदरानं पुसत सासूच्या मागं उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्ती, आज हातात काय धरू?"

हा प्रश्न ती या घरात आल्यापासून विचारत होती. कुठली साडी नेसू, किती शेर दळू, माहेरी कवा जाऊ. आणि दर वेळी रत्नाक्कांकडं उत्तर तयार असायचं.

"मला कशाला इचारतीस?" रत्नाक्का फिस्कारल्या. "मी काय म्हाराजांच्या मनात शिरून बघून आले? काल तुझ्यासाठनं थांबलं. तुला काय धरावं वाटतंय ते धर, न्हाईतर धरू नगंस. आन् हितं माझ्या मागं काय करतीस? म्होरं हुबी ऱ्हा."

"तुमी?"

"माझं गुडगं दुकाल्यात. आत दूध बघते. तुला दूध कधी बघता आलं?"

आणि त्या चंदनाला दंडाला धरून उंबऱ्याच्या पुढं उभी करून आत गेल्या. चौक्यातून, म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरातून, दार दिसत नव्हतं. ब्राह्मी चुलीपाशी होती, ती आजीकडं बघायला लागली, तशी रत्नाक्का म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडं काय बघतीस? आमटी ढवळ."

बाहेर नमोस्तुचा आवाज गल्लीच्या टोकाकडून जवळ येत गेला. समोरच्या घरात कुणाच्या तरी हातून नारळ पडला. मग चंदनाचा आवाज आला. बारीक, घाबरलेला, या दारात कधी न ऐकलेला. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु..." आणि तिथंच तो अडकला.

रत्नाक्का दुधाच्या पातेल्यावरचं झाकण हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान दाराकडं वळवली आणि आतून ओरडल्या, "तीनदा म्हन गं, तीनदा! लाजतीस काय?"